करडीचा झरा

टीरमोर, काउंटी क्लेअर
८ मार्च १९६४

सेनन,

'प्रिय' लिहायचं राहिलेलं नाही, मुद्दाम गाळलंय. ख्रिसमसच्या पत्राला उत्तर आलं असतं तर लिहिलं असतं. सोबत केक पाठवला होता. तो कॉव्हेंट्रीला पोचला की वाटेत पोस्टाने खाल्ला, एवढं तरी बहिणीला कळवायचं होतंस. असो.

आज कामापुरतं लिहितेय. टीरमोरला नळ येतोय. म्हणजे येऊ शकतो, आपल्या बापाने मनावर घेतलं तर.

गावातल्या घरांनी मिळून पाण्याची योजना करायची ठरवलीय. सरकार पाइप देणार, चर आपण खणायचे. पाणी कुठून घ्यायचं यावर वाद व्हायचं कारणच नव्हतं. या चुनखडकाच्या मुलुखात बारा महिने वाहणारं पाणी एकाच जागी आहे, ते तुला माहीत आहे आणि माझ्या उजव्या खांद्याला तुझ्याहून जास्त माहीत आहे. आपल्या वरच्या रानातला करडीचा झरा. झरा वर, घरं खाली. इंजिनीअर म्हणाला, पंपसुद्धा नको, पाणी आपल्या पायांनी चालत येईल.

रविवारी चर्चमधल्या मासनंतर मॉसी लिनान आणि नवे शाळामास्तर घरी आले. मॉसी समितीचा अध्यक्ष झालाय, टाय लावून आला होता. मी चहा टाकला, सोडा ब्रेड कापला. वाटलं, दोन वाक्यांचं काम आहे. बाबांनी खुर्ची चुलीजवळ ओढली आणि मास्तरांना विचारलं, "तुम्ही कुठले?"

"डब्लिनचा."

"मग तुम्हाला मॅक लीवा ठाऊक नसणार."

झालं. मॉसीने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

मग सगळं पहिल्यापासून. मॅक लीवा, देवांच्या कुळातला लोहार, आयर्लंडात पहिली धारदार तलवार घडवणारा. हात तीन. एकात सांडशी, एकात हातोडा, आणि तिसरा लोखंड फिरवायला, थेट छातीतून फुटलेला (इथे बाबांनी नेहमीसारखी स्वतःच्या छातीवर थाप मारली, चहा सांडला). पाय एकच, पण त्या पायावर तो या डोंगरावरून त्या डोंगरावर उडी मारायचा. स्पेनमधून त्याने करडी गाय पळवून आणली. तिच्या दुधाने भरणार नाही असं भांडं जगात नव्हतं. मग एक बाई पैज मारून आली, हातात चाळण घेऊन. करडी दूध देत राहिली, चाळण भरेना, दूध डोंगरावरून ओहोळांनी वाहिलं. गाय आटली आणि नाहीशी झाली. जिथे ते दूध जमिनीत जिरलं तिथे आपला झरा. आणि मॅक लीवाने शपथ घातली, माझ्या करडीचं जे वाहून गेलं ते यापुढे कुणी कोंडायचं नाही. ओंजळीने प्या, बादलीने न्या, पण कोंडू नका. राखण कुणाकडे? डॅव्हरन लोहारांकडे. म्हणजे आता थेडी डॅव्हरनकडे, आपल्या बाबांकडे.

"फारच सुंदर कथा आहे," मास्तर म्हणाले. बिचारे मनापासून म्हणाले. "पण पाइपचं कसं करायचं?"

"कथा?" बाबा उठले. "पाइपच्या टोकाला काय असतं, मास्तर?"

"नळ."

"तो बंद होतो?"

"होतोच ना."

"मग कोंडलंत की पाणी!" आणि दार उघडून धरलं. मॉसीच्या हातात अर्धा ब्रेड होता, तो तसाच घेऊन गेला.

सेनन, मी रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बादल्या त्या खडकांवरून उतरवते. कपडे धुवायच्या दिवशी किती खेपा होतात ते विचारू नकोस. तू बाबांना चार ओळी लिही. मुलगा म्हणून, पुढे हे रान तुझं होणार म्हणून लिही. तू गेलास तेव्हा काय झालं त्याबद्दल एक अक्षरही नको. फक्त लिही, की नळ येऊ द्या. तुझं ते ऐकतील. माझं ऐकायची त्यांना सवय नाही.

नोनी


१९ एप्रिल

सेनन,

तुझं पत्र आलं. मला नाही, बाबांना. पोस्टमनने अंगणातच त्यांच्या हातात दिलं, आणि त्यांनी ते चष्मा लावून मला मोठ्याने वाचून दाखवलं. एकदा नाही. रोज. शेजारचा कुणी गडग्यापलीकडून जात असला तर थांबवून त्यालाही.

'बाबा, तुम्ही हटू नका. इथे शहरात माणसांना मुळंच उरलेली नाहीत. मॅक लीवाची राखण आपल्या घराण्याकडे आहे, हे इथे कारखान्यात सांगतो तेव्हा लोक थक्क होतात.'

लोक थक्क होतात! ज्या घरात गरम पाण्याचा नळ वेगळा आणि गार पाण्याचा वेगळा, त्या घरात बसून तू हे लिहिलंस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. बहिणीने काय मागितलं होतं आणि तू काय पाठवलंस?

आणि तू? जगातला दुसरा कुणीही असता तर मी समजू शकले असते. आई गेली त्या रात्री, घर माणसांनी भरलेलं, ती शवपेटीत, आणि तू कोपऱ्यातल्या त्याच दोन बादल्या उचलून बाबांच्या पायाशी आपटल्यास. "तिला यांनी मारलं," म्हणालास. "यांनी आणि तुमच्या त्या तीन हातांच्या लोहाराने." आदल्याच वर्षी काउंटीने झऱ्यावरून रस्त्याकडेला पाणी आणून द्यायची तयारी दाखवली होती आणि बाबांनी नको म्हटलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून कुणी तुला गप्पही केलं नाही. दफन झालं आणि तू बोटीवर चढलास. नऊ वर्षं झाली.

आता मला नीट दिसतंय काय चाललंय ते. तुला माफी मागायचीय आणि तोंड उघडत नाही, म्हणून तू मॅक लीवाची पाठ थोपटतोस. आणि बाबांनी नळाला हो म्हटलं, तर तू त्या रात्री बोललास ते खरं ठरतं, म्हणून ते हो म्हणत नाहीत. बाप-लेकांनो, त्या तीन हातवाल्यामार्फत खुशाल समेट करा. बादल्या मात्र माझ्या दोनच हातांत आहेत.

रागावता सुद्धा येत नाही धड. तुझं पत्र त्यांच्या बंडीच्या खिशात असतं. काल मी गोठ्यात गेले, तर बाबा ते गाईला वाचून दाखवत होते. नऊ वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता.

गावाने मात्र पाठ फिरवलीय. फाटकं दुरुस्तीला आता पार कोरोफिनला जातात. तसंही ट्रॅक्टर आल्यापासून भट्टी आठवड्यातून एकदा पेटायची, ती पूर्ण थंड आहे. दुकानात मी शिरले की बोलणं थांबतं. चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच, जणू आम्हाला गोवर झालाय. पेग हाइन्स तेवढी बोलते. काल म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, मी त्याच्याशी बोलत नाही." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा की." म्हणाली, "कसं सांगू? बोलत नाही ना!"

पुन्हा त्यांना पत्र लिहायचं असेल तर हवामानावर लिही.

नोनी


२८ जून

सेनन,

तू हवामानावर लिहिलंस. उपकार झाले. तुमच्याकडे ऊन छान पडलंय. आमच्याकडेही छान पडलंय, मे महिन्यापासून पडतंय, पावसाचा थेंब नाही. घराघरातली पावसाच्या पाण्याची पिंपं कोरडी, खालचं तळं चिखल झालंय, गुरं जीभ बाहेर काढून उभी. करडीचा झरा तेवढा वाहतोय, जसं काही झालंच नाही.

आणि आपले बाबा! तू म्हणशील, आता तरी वरमले असतील. छे. आयुष्यात इतके खूश नव्हते. सकाळी न्याहारी करून वर जातात, झऱ्याजवळच्या दगडावर बसतात, येईल त्याचं भांडं स्वतःच्या हाताने भरून देतात. कुणाला नाही म्हणत नाहीत. ज्याने कोरोफिनला फाटक नेलं त्यालाही नाही. पण प्रत्येकाला, भांडं भरेपर्यंत, गोष्ट. मोठं भांडं आणलं तर मोठी गोष्ट. बायका उन्हात रांगेत उभ्या, घरी पोरं रडतायत, आणि इकडे मॅक लीवा अजून स्पेनलाही पोचलेला नाही.

मग परवाचा गुरुवार. मी वर गेले तेव्हा गावातल्या सगळ्या बायका आलेल्या, पुढे पेग. बादली एकीच्याही हातात नाही. सगळ्यांच्या हातात पिठाच्या चाळण्या.

"थेडी डॅव्हरन," पेग म्हणाली, "भर माझी चाळण."

"तू माझ्याशी बोलत नव्हतीस ना?"

"नाहीच बोलत. चाळण भर."

"हा काय तमाशा आहे, पेग?"

"तमाशा कसला? तुझीच गोष्ट. त्या बाईचं नाव काय रे होतं?"

"कुठल्या बाईचं?"

"हे बघा! लोहाराचं नाव ठाऊक, लोहाराच्या बापाचं ठाऊक, गाईचं ठाऊक. चाळण घेऊन आली तिचं नाव विचारायला कुणाला सुचलं नाही. माझी आजी सांगायची, ती पैजेला आलीच नव्हती. तुझा तो लोहार पिंपांवर पिंपं लावून गाईला पिळत होता. तिने चाळण धरली म्हणून गाय सुटली."

"तुझ्या आजीला अर्धंच ऐकू यायचं."

"तिने अर्ध्यात ऐकलं ते तुला दोन कानांनी नाही ऐकू आलं!"

बायका हसल्या. मीही हसले, आणि तेव्हा बाबांनी मला पाहिलं. माझ्या हातातही चाळण होती. आईची, पितळी कडेची. पेगने आदल्या दिवशी निरोप धाडला होता. मी येईन असं म्हटलं नव्हतं, येणार नाही असंही म्हटलं नव्हतं.

"तूसुद्धा?" बाबा म्हणाले.

"मीसुद्धा."

त्यांनी माझ्या हातातून चाळण घेतली. झऱ्याखाली धरली. पाणी पडलं, गळून गेलं. बराच वेळ धरून उभे होते. मग पालथी करून झटकली आणि मला परत दिली. "भरली नाही," म्हणाले. "घरी जा."

गेलो सगळ्या. काय करणार?

त्या दिवसापासून माझ्याशी अबोला आहे. जे बोलायचं ते कुत्र्यामार्फत. "हिला सांग, बटाटे कच्चे आहेत." मीही कुत्र्याला सांगते, "यांना म्हणावं, पाणी संपलं म्हणून अर्धवट उकडले." कुत्रा एकदा त्यांच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. घरात समजूतदार तेवढा तोच उरलाय.

नोनी


२३ ऑगस्ट

सेनन,

पेग पडली. तुला वाटेल, मी थेट सुरुवात केली. चार वेळा कागद फाडला, पाचव्यांदा थेटच लिहिते.

झऱ्याखालचा तो उतार तुला आठवतो, जिथे खडकांना भेगा आहेत. सांडलेल्या पाण्याने दगड बुळबुळीत झाले होते. पेगच्या दोन्ही बादल्या भरलेल्या. बाबांनीच भरून दिल्या होत्या, तिने गोष्ट ऐकायला नकार दिला म्हणून लवकर सुटली होती. बादली गडगडत गेल्याचा आवाज मी खाली अंगणात ऐकला. पोचले तेव्हा बाबा तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले होते, अंगावरचा कोट तिच्या डोक्याखाली. ती मला म्हणाली, "मांडी मोडलीय. याला आधी उठव, हा माझ्या स्कर्टवर बसलाय."

लोहारशाळेचं दार बिजागऱ्यांतून काढून त्यावर घालून तिला खाली आणलं. एका बाजूला मॉसी, दुसऱ्या बाजूला बाबा. मॉसी म्हणाला, "थेडी, तुम्ही राहू द्या, मी माणूस बोलावतो." बाबांनी ऐकलंच नाही. रस्त्यापर्यंत त्यांनीच नेलं.

पुढच्या रविवारी त्यांनी कडक कॉलर चढवली आणि एनिसच्या इस्पितळात जायला बसला उभे राहिले. मीही गेले. मला येऊ नको म्हणायला कुत्रा जवळ नव्हता.

वॉर्डात पेगचा पाय वर टांगलेला. मी बिस्किटं ठेवली. बाबा खुर्चीवर बसून टोपी फिरवत राहिले. शेवटी पेगच वैतागली. "बोल की काहीतरी. नाहीतर तुझा लोहार काढ, तोही चालेल."

"एलन कधी बोलायची का?" बाबा म्हणाले. "बादल्यांबद्दल."

पेगने माझ्याकडे पाहिलं. आईची सगळ्यात जवळची मैत्रीण ती, दोघी रोज बरोबर पाण्याला जायच्या.

"बरं वाटेल ते सांगू, की खरं सांगू?"

"खरं."

"रोज बोलायची. वर चढताना तुला शिव्या घालायची, एकेक पाहण्यासारखी शिवी. उतरताना गप्प असायची, कारण दम पुरायचा नाही. शेवटच्या वर्षी तर मध्येच बसायची. म्हणायची, पेग, कुणाला सांगू नकोस."

"मला कधीच बोलली नाही."

"तुला कसं बोलणार, थेडी? ती दमून आली, की तू तिला गोष्ट सांगायचास."

बाबा उठले, पेगच्या उशीची सुरकुती काढली, काढताना अजून बिघडवली, आणि बाहेर गेले. पेग म्हणाली, "मी नको होतं बोलायला का गं?" आणि रडू लागली. आम्ही दोघी रडलो. बाजूच्या खाटेवरची बाई माळ जपत होती, तीही.

बसमध्ये बाबा सबंध वाटभर खिडकीबाहेर पाहत होते. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं नाही. तू असतास तर पाहिलं असतंस, म्हणून बरंय तू नव्हतास.

दुसऱ्या दिवशी मी चहा करत होते, तर बाबांची हाक आली, "नोनी!" मला, कुत्र्याला नव्हे. "नोनी, ये, भाता धर."

लोहारशाळेला दार नव्हतं, सगळा उजेड आत. भट्टी पेटलेली. मी भाता ओढला, त्यांनी लोखंड तापवलं. दोन दिवस ठोकत होते.  मी एकदाही विचारलं नाही काय चाललंय. झालं तेव्हा थंड पाण्यात बुडवून वर धरलं. लोखंडाची चाळण. जाड, गोल, एकेक भोक सारखं, मधोमध करडीचं शिंग कोरलेलं.

ती घेऊन स्वतः मॉसीच्या दारात गेले. इंजिनीअर तिथेच होता. बाबा म्हणाले, "पाइपच्या तोंडाशी ही बसवायची. मग खणा."

इंजिनीअर म्हणाला, "पण आमची जाळी आहे ना. सरकारी."

"पाहिली. चहा गाळायला बरी आहे."

"मग यामुळे तुमची ती शपथ..."

"चाळणीतून गेलं ते पाणी कोंडलेलं नसतं. वाहतंच असतं."

"पण काका, पुढे टाकी आहे, आणि टाकीला..."

मॉसीने इंजिनीअरच्या पायावर पाय दिला. मी पाहिलं. चांगला जोरात दिला.

चर खणणं सुरू झालंय. पाऊसही आला, आता काय उपयोग.

नोनी


१५ नोव्हेंबर

सेनन,

तुझं पत्र मिळालं. मला लिहिलेलं, माझ्या नावाचं. पाकीट उघडायच्या आधी चुलीवरच्या फळीवर टेकवून ठेवलं होतं जरा वेळ, दिसत राहावं म्हणून. मग उघडलं. 'बाबांनी हार का मानली? तुम्ही सगळ्यांनी मिळून म्हाताऱ्याला वाकवलंत ना?' पुन्हा पाकिटात घातलं.

कुणी वाकवलं नाही त्यांना. पेगने काय सांगितलं ते मी ऑगस्टमध्येच लिहिलंय. तू ते वाचलंस आणि त्यावर एक शब्द लिहिला नाहीस, त्यावरून कळलं की वाचलंस.

नळ तीन आठवड्यांपूर्वी आला. पाद्र्यांनी टाकीवर पवित्र पाणी शिंपडलं. पाण्यावर पाणी, पेग कुबडीवर रेलून म्हणाली. मग सगळे आपापल्या घरी पळाले, कारण प्रत्येकीला पहिला थेंब स्वतः पाहायचा होता. आमच्या स्वयंपाकघरात बाबा आणि मी दोघंच. मी म्हटलं, तुम्ही उघडा. त्यांनी उघडला. आधी खोकल्यासारखा आवाज, मग गढूळ, मग स्वच्छ.

ते पाहत राहिले. हात धुतले. ओले हात चेहऱ्यावरून फिरवले. पाणी धो धो चाललेलं. मी म्हटलं, "बंद करा, वाया जातंय."

"एवढंच होतं?" ते म्हणाले.

मला नाही म्हणाले. भिंतीला म्हणाले, जिथे आईच्या बादल्यांचा खिळा आहे तिथे. नंतर त्यांनी स्वतःच नळ बंद केला, नीट, घट्ट, आणि बाहेर जाऊन चुलीत जाळायचं टर्फ आणलं, जे आधीच पुरेसं होतं.

आता मी काय सांगते ते ऐक. ते माफी मागणार नाहीत. तूही मागणार नाहीस. डॅव्हरनांत ती पद्धतच नाही, आणि मॅक लीवा कधी कुणाला सॉरी म्हणाल्याचं निदान माझ्या ऐकण्यात नाही. पण यापुढे मी तुमच्या दोघांमधली पोस्टवाली नाही. माझा खांदा बरा होतोय आणि मला त्याचा दुसरा उपयोग करायचाय. मॉसीने मला दोनदा नाचाला विचारलंय. दुसऱ्यांदा मी हो म्हटलं. हे तुला उगीच सांगितलं, खोडत नाही.

झऱ्यावर आता कुणी जात नाही. मला भीती होती, म्हातारा तिथे एकटा बसून राहील. तसं झालं नाही. त्यांनी नवं काम शोधलंय. घरोघर फिरतात, 'पाण्याला जोर कसा आहे' म्हणून. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी गोष्ट. पेगच्या घरी गोष्ट मध्येच अडते, कारण ती सुधारत असते. बायका मला म्हणतात, तुझ्या बापाला आवर. मी म्हणते, तुम्हीच मागितला होता नळ.

एवढंच सांगायचं राहिलं. शनिवारी दुपारी एनिसची बस खालच्या तिठ्यावर येते, ज्या बसने बोटीवरून उतरलेली माणसं येतात. गेले सहा-सात आठवडे, पाइपचा व्हॉल्व्ह बसला तेव्हापासून, बाबा दर शनिवारी दाढी करून बाहेर पडतात. कुठे निघालात म्हटलं, की म्हणतात, व्हॉल्व्ह बघून येतो. बस निघून गेली की परत येतात. मी विचारत नाही. तूही आलास तर विचारू नकोस, नुसता खाली उतर.

व्हॉल्व्ह झऱ्यापाशी आहे, सेनन. वरच्या रानात. तिठ्यावर काहीसुद्धा नाही.

तुझी,
नोनी